अमेरिकेत नवीन असताना गाडीसाठी कर्ज: आधी बँक, मग शोरूम

अमेरिकेत उतरलेल्या माणसाला गाडी पहिल्या महिन्यातच लागते, पण कर्ज मिळण्याजोगा क्रेडिट स्कोअर तयार व्हायला निदान सहा महिने जातात. अडचण सगळी या मधल्या काळाची आहे. पगार चांगला असतो, भारतातला सिबिल स्कोअर उत्तम असतो, तरी इथल्या बँकेच्या दृष्टीने तुमची पाटी कोरी असते. कोरी पाटी म्हणजे खराब पाटी नव्हे. मात्र हातात काहीही न घेता डीलरच्या टेबलासमोर बसलात तर दोन्हींना जवळपास सारखाच व्याजदर लागतो. म्हणून इथे भर आहे तो शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी कर्ज मंजूर करून घेण्यावर, आणि ते कर्ज तुमच्या इथल्या मुक्कामाच्या मुदतीत बसवण्यावर.

स्कोअर तयार होण्याआधीची तयारी

बहुतेक बँका फायको स्कोअर बघतात. तो ३०० ते ८५० च्या दरम्यान असतो, आणि तो निघण्यासाठी तुमच्या नावावर किमान सहा महिने जुनं एक तरी खातं लागतं. शिवाय गेल्या सहा महिन्यांत एखाद्या खात्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, गेलेली असावी लागते. त्यामुळे पहिलं क्रेडिट कार्ड जितक्या लवकर निघेल तितकं बरं, मग त्यावर महिन्याला फक्त मोबाइलचं बिल भरलं तरी चालेल.

त्याआधी सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, हवा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी देशात आल्यावर साधारण दहा दिवस थांबून अर्ज करावा. तोवर प्रवेशाची नोंद सरकारी यंत्रणेत दिसू लागते आणि अर्ज अडकत नाही. एफ-१ विद्यार्थ्यांना कॅम्पसवरचं काम, सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) किंवा ओपीटी (पदवीच्या विषयात ठरावीक काळ काम करण्याची मुभा) मिळाल्यावरच हा नंबर मिळतो. कामाचा परवाना नसलेल्या एच-४ जोडीदाराला तो मिळत नाही. त्यांच्यासाठी कर भरण्यापुरता आयटिन असतो, आणि काही क्रेडिट युनियन (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्था) आयटिनवरही गाडीचं कर्ज देतात. पण नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या नावाने कर्ज घेणं बहुतेक वेळा जास्त सोपं पडतं. गाडीच्या मालकीपत्रावर दोघांची नावं घालता येतात का, ते कर्ज देणाऱ्यालाच विचारून घ्या.

पहिल्या कार्डाचे दोन सरळ मार्ग आहेत. एक सिक्युअर्ड कार्ड: तुम्ही २०० ते ५०० डॉलर अनामत ठेवता आणि साधारण तेवढीच मर्यादा मिळते. दुसरा, नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत भारतातली क्रेडिट नोंद दाखवून अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड मागणं. भारतात कार्ड किंवा गृहकर्ज नियमित फेडलेलं असेल तर दुसरा मार्ग आधी करून बघा.

कार्ड मिळाल्यावर बहुतेकांची एक गोष्ट चुकते. ब्युरोकडे जाते ती साधारणपणे स्टेटमेंट निघतानाची शिल्लक. शेवटच्या तारखेपर्यंत सगळे पैसे भरले तरी ५०० च्या मर्यादेवर ४५० ची उधारी नोंदली जाते आणि स्कोअर खाली राहतो. स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच रक्कम भरून शिल्लक मर्यादेच्या दहा टक्क्यांच्या आत आणा. शिवाय शेवटच्या तारखेसाठी ऑटोपे लावून ठेवाच. पहिल्या वर्षात ३० दिवसांहून जास्त उशिराने भरलेला एक हप्ता पुढची सात वर्षं अहवालात राहू शकतो.

नावाचा घोळ

मराठी माणसाच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. मग सोशल सिक्युरिटी कार्डावर तिन्ही नावं, बँकेत दोन, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं फक्त आद्याक्षर, आणि पगारपत्रकावर आणखी वेगळंच असं होतं. आडनाव नसलेल्या पासपोर्टवर व्हिसा मिळाला असेल तर नावाच्या जागी एफएनयू ('फर्स्ट नेम अननोन') छापून येतं. एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन ब्युरोंपैकी एखाद्याकडे अशाने एकाच माणसाच्या दोन अर्धवट फाइली तयार होतात, आणि कर्जाच्या अर्जावर 'फाइल सापडली नाही' असं उत्तर येतं.

उपाय सोपा आहे, पण तो सुरुवातीलाच करायला हवा. सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं नाव आहे तसंच बँकेत, लायसन्सवर आणि घरभाड्याच्या करारावर द्या. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट या अधिकृत संकेतस्थळावर तिन्ही ब्युरोंचे अहवाल दर आठवड्याला मोफत मिळतात. कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी महिनाभर आधी तिन्ही उतरवून नाव, पत्ता, जन्मतारीख तपासा. भारतातल्या सवयीने दिवस आधी आणि महिना नंतर लिहिल्यामुळे जन्मतारीख उलटी पडल्याची प्रकरणंही असतात.

मुक्कामाची मुदत आणि कर्जाची मुदत

परदेशी नागरिकाच्या अर्जात बँकेला सर्वांत जास्त काळजी असते ती याची: माणूस कर्ज फिटेपर्यंत इथे असेल का? राष्ट्रीय मुळावरून कर्ज नाकारायला १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने बंदी आहे. पण इमिग्रेशनची स्थिती परतफेडीच्या संदर्भात विचारात घेणं बँकेला चालतं. त्यामुळे अनेक बँका मुक्कामाची मुदत संपण्याआधी कर्ज संपेल एवढीच मुदत देतात.

ही मुदत व्हिसाच्या शिक्क्यावर नसते, आय-९४ वर, म्हणजे देशात शिरतानाच्या सरकारी नोंदीवर असते. शिक्का संपलेला असला तरी आय-९४ आणि आय-७९७ (व्हिसा अर्जाच्या मंजुरीचं पत्र) चालू असतील तर मुक्काम कायदेशीर असतो. शाखेतल्या कर्मचाऱ्याला हे प्रत्येक वेळी माहीत असेल असं धरून चालू नका, आय-९४ ची ताजी प्रत काढून सोबत ठेवा. विद्यार्थ्यांच्या बाबतीत आय-२० वरची (विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशपत्रावरची) अभ्यासक्रम संपण्याची तारीख बघितली जाते, ओपीटीवर असाल तर कामाच्या परवान्याची.

इथे एक खाच आहे. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर विमानतळावर आय-९४ त्याच तारखेपर्यंत कापलं जाऊ शकतं. एच-१बीची मंजुरी तीन वर्षांची, पण आय-९४ मात्र चौदा महिन्यांचं, अशी स्थिती त्यातून येते, आणि बँक चौदा महिनेच धरते. पासपोर्ट संपत आला असेल तर भारतातून निघण्यापूर्वी नवा करून घ्या.

मुदतवाढीचा अर्ज पडून असेल, तर त्याची पावती आणि कंपनीचं नोकरी कायम असल्याचं पत्र जोडा. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तर तेही जोडा. सगळ्या बँका ते मानत नाहीत, पण क्रेडिट युनियनमध्ये माणूस बसून फाइल वाचतो, तिथे त्याचा उपयोग होतो.

आता आकडे बघा. २०,००० डॉलर, ९ टक्के दर धरू. ३६ महिन्यांना हप्ता ६३६ डॉलर आणि एकूण व्याज सुमारे २,९००. ६० महिन्यांना हप्ता ४१५, व्याज ४,९१०. ८४ महिन्यांना हप्ता ३२२ वर येतो, पण व्याज ७,०३० होतं. आणि आपल्यासारख्यांसाठी खरा धोका त्याहून वेगळा आहे. तीन वर्षांनी परत जायची वेळ आली तर ६० महिन्यांच्या कर्जात सुमारे ९,१०० डॉलर बाकी असतात, ८४ महिन्यांच्या कर्जात जवळजवळ १२,९००. गाडीची बाजारातली किंमत तोवर याच्याही खाली गेली असेल तर ती विकून कर्ज फिटत नाही. वरचा फरक खिशातून भरल्याशिवाय बोजा उतरत नाही आणि गाडी विकता येत नाही. हप्ता जड वाटतो म्हणून मुदत वाढवू नका, स्वस्त गाडी घ्या.

अर्ज कुठे करायचा

आधी क्रेडिट युनियन. सभासदत्व नोकरीच्या कंपनीमुळे, विद्यापीठामुळे किंवा राहत्या भागामुळे मिळतं, आणि त्यासाठी बचत खात्यात अनेक ठिकाणी ५ डॉलर पुरतात. फेडरल क्रेडिट युनियनला कर्जावर सध्या १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंडही लावता येत नाही. परत जाण्याची शक्यता असलेल्या माणसासाठी ही दुसरी तरतूद फार मोलाची आहे.

मग तुमचा पगार जमा होतो ती बँक. तिसरी, गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची कर्ज शाखा. काही कंपन्यांच्या नव्या पदवीधरांसाठी किंवा परदेशातून आलेल्या नोकरदारांसाठी वेगळ्या योजना असतात, त्यांत क्रेडिट इतिहासाऐवजी नोकरीचं पत्र चालतं. त्या जाहिरातीत दिसत नाहीत, फोन करून विचाराव्या लागतात. 'इथेच घ्या, इथेच फेडा' पद्धतीच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांपासून मात्र लांब राहा. दर प्रचंड असतो, हप्ता चुकला तर गाडी दुरून बंद पाडणारं यंत्र बसवलेलं असू शकतं, आणि त्यांतले काही जण ब्युरोकडे नोंदच पाठवत नाहीत, म्हणजे नियमित फेडूनही स्कोअरला फायदा नाही.

अर्ज तीन-चार ठिकाणी करा, पण चौदा दिवसांच्या आत. तेवढ्या काळातल्या गाडीच्या कर्जाच्या चौकशा फायको एकच धरतं. महिना-दोन महिने पसरून केलेले अर्ज मात्र वेगवेगळे मोजले जाण्याची शक्यता असते.

फाइलमध्ये पासपोर्ट, व्हिसा, आय-९४, आय-७९७ किंवा आय-२०, राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, गेल्या ३० दिवसांची पगारपत्रकं, नोकरीचं पत्र, दोन-तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. नोकरी नुकती लागली असेल आणि पगारपत्रक एकच असेल तर सही केलेलं ऑफर लेटर जोडा. त्यावर वार्षिक पगार आणि रुजू झाल्याची तारीख स्पष्ट हवी.

इतिहास नसताना डाउन पेमेंट हेच सर्वांत मोठं बळ. २० टक्के ठेवा, जमलं तर ३०. भारतातून आई-वडील पैसे पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येकाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. हे पैसे गाडी ठरवण्याच्या महिनाभर आधी खात्यात येऊ द्या. आदल्या दिवशी आलेली मोठी रक्कम दिसली की बँक तिचा उगम विचारते, आणि त्या चौकशीत आठवडा जातो.

मित्राला सहकर्जदार करण्याआधी दोघांनीही नीट समजून घ्यायला हवं. तो नुसता ओळख देणारा नसतो, पूर्ण कर्जाला तितकाच जबाबदार असतो. ते कर्ज त्याच्या अहवालावर दिसतं आणि त्याच्या स्वतःच्या गृहकर्जाच्या वेळी आड येऊ शकतं. सख्खा भाऊ-बहीण वगळता हे कुणाला मागू नये, असं आमचं मत आहे.

अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांत तसं कळवण्याचं बंधन कर्ज देणाऱ्यावर असतं. कारणं पत्रात नसतील तर लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. 'इतिहास अपुरा' आणि 'मुक्कामाची मुदत अपुरी' या दोन नकारांचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यासाठी थांबावं लागतं, दुसऱ्यासाठी मुदत कमी करून लगेच पुन्हा विचारता येतं.

शोरूममध्ये

पूर्वमंजुरीचं पत्र खिशात ठेवून गाडीच्या किमतीवर बोला. महिन्याला किती जमेल, हा प्रश्न विक्रेता पाच मिनिटांत विचारतो. त्याला आकडा देऊ नका. हप्ता सांगितला की मुदत, दर आणि किंमत या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात जातात. 'आउट द डोर' किंमत लेखी मागा, म्हणजे कर, नोंदणी, कागदपत्रांचं शुल्क सगळं धरून. हे कागदपत्रांचं शुल्क राज्याप्रमाणे फार बदलतं: न्यूयॉर्कमध्ये त्यावर १७५ डॉलरची मर्यादा आहे, फ्लोरिडात मर्यादाच नाही.

किंमत ठरल्यावर मगच म्हणा, माझ्याकडे अमुक दराचं कर्ज आहे, तुम्ही याहून कमी देऊ शकता का? डीलर बँकेकडून ७ टक्क्यांनी कर्ज मिळवून तुम्हाला ९ टक्क्यांनी देऊ शकतो आणि मधला फरक ठेवू शकतो. हे कायदेशीर आहे. २०,००० डॉलर आणि ६० महिन्यांच्या कर्जावर या दोन टक्क्यांचे तुमच्या खिशातून सुमारे १,१५० डॉलर जातात. दुसरा प्रस्ताव हातात असला की हा फरक पटकन कमी होतो, कधी कधी डीलरचा दर खरोखरच तुमच्या बँकेपेक्षा चांगला निघतो. तसं झालं तर तो जरूर घ्या.

सह्यांच्या खोलीत काचेवर नंबर कोरणं, रंगाचं संरक्षण, टायरमध्ये नायट्रोजन, वाढीव वॉरंटी असं बरंच पुढे येतं. 'हे घेतलं तरच बँक कर्ज देते' असं सांगितलं तर तशी अट बँकेच्या लेखी कागदावर दाखवायला सांगा. १९६८ च्या ट्रुथ इन लेंडिंग कायद्याप्रमाणे करारावर चार आकडे ठळक असावे लागतात: वार्षिक दर, एकूण व्याजखर्च, वित्तपुरवठ्याची रक्कम आणि एकूण परतफेड. वित्तपुरवठ्याची रक्कम तुमच्या हिशेबाहून जास्त दिसली तर मध्ये काहीतरी घुसवलेलं आहे, तिथेच थांबा. सही झाल्यावर तीन दिवसांत गाडी परत करता येते हा समज चुकीचा आहे. शोरूममधल्या खरेदीला असा हक्क देणारा संघीय कायदा नाही.

नव्यांच्या वाट्याला हमखास येणारा प्रकार म्हणजे कर्ज पक्कं होण्याआधीच गाडी देऊन टाकणं. आठवड्याने फोन येतो, बँकेने नकार दिला, आता चार टक्के जास्त दराने सही करा. तोवर तुमची जुनी गाडी विकली गेलेली असते. करारात कर्जमंजुरीवर अवलंबून असल्याचं कलम आहे का ते बघा, आणि असेल तर बँकेची अंतिम मंजुरी लेखी हातात येईपर्यंत गाडी घरी नेऊ नका. स्वतःच्या क्रेडिट युनियनचा चेक नेलात तर हा प्रश्नच येत नाही.

विमा

कर्जाची गाडी असेल तर नुसता कायद्यापुरता तृतीय पक्ष विमा चालत नाही. कोलिजन (धडकेचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग, गारपीट असं इतर नुकसान) दोन्ही लागतात, वजावटीवर, म्हणजे नुकसानीतल्या तुम्ही स्वतः भरायच्या हिश्शावर, कर्ज देणाऱ्याची मर्यादा असते, आणि पॉलिसीवर त्याचं नाव घालावं लागतं. इथला वाहन चालवण्याचा इतिहास नसल्यामुळे हप्ता चांगलाच चढा येतो, तरुण विद्यार्थ्यांना तर कधी कर्जाच्या हप्त्याच्या बरोबरीने. म्हणून गाडी पक्की करण्याआधीच तिचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन तीन कंपन्यांकडून दर घ्या. भारतातल्या लायसन्सची वर्षं मोजता का, हेही विचारा, काही कंपन्या मोजतात.

विमा एक दिवस जरी तुटला तरी कर्ज देणारा स्वतःच महागडा विमा घेऊन तो खर्च तुमच्या कर्जावर चढवू शकतो. डाउन पेमेंट २० टक्क्यांहून कमी असेल तर गॅप विमा घ्या. गाडी पूर्ण निकामी झाली तर विम्याची रक्कम आणि शिल्लक कर्ज यांतला फरक तो भरतो. डीलरपेक्षा विमा कंपनीकडे किंवा क्रेडिट युनियनकडे तो बहुतेक वेळा बराच स्वस्त मिळतो.

कर्ज चालू असताना, आणि जाताना

वर्षभर हप्ते वेळेवर गेले आणि स्कोअर चढला की पुनर्वित्ताची चौकशी करा. १२ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज पुढे खूप कमी दराने बदलून मिळू शकतं, मात्र मुदत पुन्हा ६० महिन्यांवर नेऊ नका, उरलेली तेवढीच ठेवा. जादा रक्कम भरताना ती 'मुद्दलात' जमा करा असं लिहून द्या, नाहीतर पुढच्या हप्त्याची आगाऊ भरणी समजली जाते.

२०२५ ते २०२८ या करवर्षांत, अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या खासगी गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करण्याची सवलत आहे. उत्पन्न वाढेल तशी ती कमी होते, वापरलेल्या किंवा भाडेपट्ट्यावरच्या गाडीला ती नाही. व्हिन १, ४ किंवा ५ ने सुरू होत असेल तर गाडी अमेरिकेत जुळलेली असते.

देश सोडायचं ठरलं की सर्वांत आधी कर्ज देणाऱ्याकडून दहा दिवसांचा फेडीचा आकडा मागा. ॲपमध्ये दिसणारी शिल्लक आणि हा आकडा सारखे नसतात, कारण व्याज रोजचं चढतं. कर्ज असलेली गाडी लेखी परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं बहुतेक करारांत मना आहे. हप्ते थांबवून निघून जाणं हा तर सर्वांत महाग मार्ग: गाडी जप्त होऊन लिलावात जाते, उरलेली रक्कम वसुलीला जाते, आणि दोन वर्षांनी बदली होऊन परत आलात तर ते सगळं अहवालात वाट बघत असतं.

डीलरला विकलीत तर कर्ज फेडण्याचं काम तोच करतो, पण लगेच ऑटोपे बंद करू नका, खातं शून्य झाल्याचं पत्र आल्यावरच करा. खासगी ग्राहकाला विकत असाल तर दोघांनी बँकेच्या शाखेत बसून व्यवहार करा, म्हणजे पैसे थेट कर्जात जातात. बोजा उतरवून मालकीपत्र हातात यायला काही आठवडे लागू शकतात. न्यूयॉर्कसारख्या मोजक्या राज्यांत मालकीपत्र तुमच्याकडेच असतं, तरी बोजा उतरल्याचा कागद वेगळा लागतो. त्यामुळे विमानाच्या तारखेआधी किमान सहा आठवडे सुरुवात करा. तेवढा वेळ नसेल तर विश्वासातल्या माणसाला डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या) नमुन्यातलं मुखत्यारपत्र देऊन ठेवा.

विक्री झाल्यावर डीएमव्हीला कळवायचं राहू देऊ नका. कॅलिफोर्नियात ही सूचना पाच दिवसांत द्यावी लागते. न दिल्यास नव्या मालकाचे पार्किंगचे दंड तुमच्या नावावर येत राहू शकतात. आणि न्यूयॉर्कमध्ये आधी नंबरप्लेट परत करायची, पावती घ्यायची, मगच विमा बंद करायचा. क्रम उलटला तर दंड लागतो.